पाणबुडीला खिडकी नसते

पाणबुडीच्या सिनेमांचा नाद मला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर लागला. कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९९०) माझ्या लॅपटॉपवर आला आणि सबमिशनच्या आदल्या रात्री, फाइल तशीच अर्धवट ठेवून, मी तो पाहिला. तेव्हापासून या प्रकारातलं जे मिळेल ते पाहत आलोय.

या सिनेमांबद्दल बोलताना बहुतेक जण दोन गोष्टी सांगतात: कोंदट जागा आणि टॉर्पेडो. दोन्ही खरंच आहे. पण मला वाटतं, या सिनेमांचा जीव तिसऱ्याच गोष्टीत आहे. लढाऊ पाणबुडीला खिडकी नसते. पेरिस्कोपचा उपयोग पृष्ठभागाजवळ असेपर्यंतच. खोल गेलं की बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकून कळतं. त्यामुळे चांगला पाणबुडीपट हा ऐकण्याबद्दलचा सिनेमा असतो. आधी समुद्राचं ऐकायचं, मग एकमेकांचं. दुसरं जास्त अवघड.

‘रेड ऑक्टोबर’मध्ये शॉन कॉनरी आहे, पण माझा हीरो होता जोन्स, म्हणजे अमेरिकन पाणबुडी ‘डॅलस’वरचा तरुण सोनार ऑपरेटर (कोर्टनी बी. व्हान्स). जवळजवळ निःशब्द इंजिन असलेली सोव्हिएत पाणबुडी त्याच्या हेडफोनमधून अचानक नाहीशी होते. कॉम्प्युटर म्हणतो, हा जमिनीखाली लाव्हा सरकल्याचा आवाज. जोन्सला ते पटत नाही. तो कॅप्टनला सांगतो की हे सॉफ्टवेअर मुळात भूकंपाच्या हालचाली टिपायला लिहिलेलं होतं, त्यामुळे गोंधळलं की ते माहेरी पळतं. मग तो तीच टेप दहापट वेगाने ऐकवतो आणि त्यात एक ठरावीक ठेका ऐकू येतो. निसर्ग असा ठेका धरत नाही.

हॉस्टेलवर मला जोन्स आवडला होता, कारण मला जोन्स व्हायचं होतं. आता सहा वर्षं नोकरी केल्यावर त्याचा कॅप्टन मन्कूसो जास्त आवडतो. यंत्र एक सांगतंय, हाताखालचा पोरगा दुसरंच सांगतोय, आणि हा माणूस शांतपणे टेप ऐकून घेतो. एवढंच करतो, पण पुढचा सगळा सिनेमा त्या ऐकून घेण्यावर उभा आहे.

ऐकून घेतलं नाही तर काय होतं, ते टोनी स्कॉटच्या ‘क्रिमझन टाइड’मध्ये (१९९५) दिसतं. रशियात बंडखोरांनी अण्वस्त्रांच्या तळावर कब्जा केलाय. ‘अलाबामा’ या अमेरिकन पाणबुडीला क्षेपणास्त्रं डागण्याचा आदेश येतो. मग दुसरा संदेश येऊ लागतो आणि हल्ल्याच्या गडबडीत मधेच तुटतो. कॅप्टन रॅम्सी (जीन हॅकमन) म्हणतो, शेवटचा पूर्ण आदेश तोच खरा. त्याचा दुय्यम अधिकारी हंटर (डेन्झेल वॉशिंग्टन) म्हणतो, तुटलेला संदेश पूर्ण मिळेपर्यंत थांबायला हवं.

इथपर्यंत सिनेमा जबरदस्त आहे, कारण रॅम्सी खलनायक नाही. आदेश आला की तो पाळला जाणारच, ही खात्री हाच त्याच्या व्यवस्थेचा पाया आहे. प्रत्येक जण आपल्या शंकेपायी थांबू लागला तर ती व्यवस्था कोसळेल. कामाच्या ठिकाणी मीही या बाजूने बोललोय.

आणि गप्पही बसलोय. दोन वर्षांपूर्वी एका रात्री रिलीज होता. डेटाबेस एका रचनेतून दुसरीत हलवायचा होता. चाचणीत आधीच्या आणि नंतरच्या नोंदींचे आकडे जुळत नव्हते. फरक अगदी किरकोळ होता. मी चॅटवर एकदा लिहिलं. सीनियरने लिहिलं, “त्या डुप्लिकेट असतील, जाऊ दे पुढे.” मी ‘ओके’ टाइप केलं. पहाटे तीनला आम्ही बॅकअप शोधत होतो. काही छोट्या दुकानदारांच्या त्या दिवसाच्या नोंदी मिळाल्याच नाहीत. त्यांनी त्या वहीतून बघून पुन्हा भरल्या. नंतरच्या अहवालात माझं नाव कुठेच नव्हतं. मला शंका आली होती, हेही त्यात नव्हतं.

म्हणूनच ‘क्रिमझन टाइड’चा शेवट मला आता पटत नाही. रेडिओ दुरुस्त होतो, संदेश पूर्ण मिळतो: डागू नका. हंटर बरोबर ठरतो. चौकशी समिती म्हणते, दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण संदेश ‘ताबडतोब डागा’ असा असता तर हंटरचं थांबणं चूक ठरलं असतं का? खरा प्रश्न हा होता. वेळेवर आलेल्या उत्तराने सिनेमा आपल्याला त्यातून सोडवतो.

प्रत्यक्षात असं उत्तर येत नाही. २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्यूबाच्या पेचप्रसंगात, सोव्हिएत पाणबुडी ‘बी-५९’ अमेरिकन विनाशिकांच्या वेढ्यात सापडली होती. मॉस्कोशी संपर्क नव्हता, आत असह्य उकाडा होता, आणि वरून इशाऱ्याचे स्फोट होत होते. पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता. आत नेमकं काय घडलं याच्या आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, पण संतापलेल्या कॅप्टनला शांत करण्याचं श्रेय व्हासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याला दिलं जातं. वर्षभरापूर्वीच, ‘के-१९’ पाणबुडीची अणुभट्टी बिघडली तेव्हा, तो तिच्यावर होता. त्या अपघातावर कॅथरीन बिगेलोने २००२ मध्ये सिनेमा केला. ‘बी-५९’वर मात्र थांबण्याचा निर्णय अर्ध्या माहितीवरच झाला.

आपल्याकडे हाच पेच संकल्प रेड्डीच्या ‘द गाझी अटॅक’मध्ये (२०१७) आहे. १९७१ साल, विशाखापट्टणमचा समुद्र. कॅप्टन (के के मेनन) तापट, त्याच्यावर लगाम ठेवायला पाठवलेला अर्जुन (राणा दग्गुबाती), आणि दोघांच्या मधे अतुल कुलकर्णीचा देवराज. प्रत्यक्षात ‘गाझी’ बुडवल्याचं श्रेय भारतीय नौदल ‘आयएनएस राजपूत’ या विनाशिकेला देतं. सिनेमाने पाणबुडीची कथा रचली, त्याबद्दल तक्रार नाही. पूर्वार्धातली धुसफुसही छान आहे. अडचण पुढे येते. कॅप्टन मध्येच मरतो आणि त्याच्याबरोबर मतभेदही मरतो. आता कुणाला कुणाचं ऐकायची गरजच उरत नाही. शेवटाकडे शत्रूला चिथवायला सगळे मिळून देशभक्तीपर गाणं म्हणतात. ज्या जागी हातातला पाना पडला तरी जीव जाऊ शकतो, तिथे सिनेमाचा सर्वोच्च क्षण म्हणजे मोठ्याने गाणं! थिएटरमध्ये माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर लक्षात आलं, सगळ्यांचं एकमत झालं तिथेच पाणबुडीपट संपला होता.

या सगळ्यांच्या वर मी वोल्फगांग पेटरसनचा ‘डास बूट’ (१९८१) ठेवतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी. सुरुवातीलाच पडद्यावर येतं की ४०,००० जर्मन नौसैनिक पाणबुड्यांवर गेले, त्यातले ३०,००० परतले नाहीत. पाणबुडीच्या आतला सेट खऱ्या मापाचा होता. योस्ट व्हाकानो हातात कॅमेरा घेऊन त्या अरुंद दारांमधून धावला, आणि ते आपल्याला दम लागेल इतकं जाणवतं. तरी मला आठवतात ते धावण्याचे प्रसंग नाहीत. वर विनाशिका फिरतेय, तिच्या पंख्याचा आवाज जवळ येतोय, आणि दाढी वाढलेले, पांढरेफटक चेहरे वर बघत थांबलेत. वर बघून काहीच दिसणार नाही, तरी सगळे वर बघतात. मोबाइलवर पाहणार असाल तर हेडफोन लावाच, नाहीतर हा सिनेमा अर्धाच कळेल.

आणि एक प्रसंग पाण्यावरचा. टॉर्पेडो लागलेलं तेलवाहू जहाज रात्री जळतंय. त्यावरच्या माणसांना कुणीतरी वाचवलं असेल असं गृहीत धरलेलं असतं. पण ती अजून जहाजावरच असतात. ती पाण्यात उड्या मारतात, ओरडत पाणबुडीकडे पोहत येतात. पाणबुडीत जागा नाही. कॅप्टन मागे घ्यायला सांगतो. इथे ऐकू सगळ्यांना येतंय आणि करता काहीच येत नाही. ‘डास बूट’ कुणालाच बरोबर ठरवत नाही. वरून सुटकेचा संदेशही येत नाही.

गेल्या महिन्यात टीममधल्या एका नव्या मुलीने रिलीजच्या आधी विचारलं, “सर, हा आकडा असा का आहे?” मला कारण माहीत नव्हतं. उशीर झाला होता, सगळे कॉलवर ताटकळत होते. आम्ही थांबलो आणि दोन तास शोधलं. शंका फोल निघाली, आकडा बरोबरच होता. तिचा चेहरा पडला, आणि तिने दोनदा सॉरी म्हटलं.

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळीही विचार.