घरोट म्हणजे जातं?

‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली पुस्तकरूपानं आली. त्यातला ‘घरोट’ शब्द घ्या. आपण समोर ‘जातं’ असा अर्थ लिहितो आणि मोकळे होतो. वस्तू तीच, कबूल. पण बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा शब्द दळणाऱ्या हातातून स्मरणात गेला; सोपानदेवांनी तो कागदावर उतरवला फक्त.

आणि आपल्याकडे काय उरलं? ‘तेच तेच दळण’, म्हणजे कंटाळा! ज्यांनी जातं पाहिलेलं नाही तेही सर्रास असं बोलतात. (मीही बोलतो.) हाच कंटाळा घेऊन आपण त्यांच्या घरोटापाशी बसतो आणि ‘बिचारीचे कष्ट’ म्हणतो. हात दुखतात हे त्या सांगतातच हो, पण पिठासारखं गाणंही आतून येतं, असं त्याच घरोटाला सांगतात. ते आपण ऐकत नाही.