नीतिसूत्रांतील एक विरोध

बायबलांतील ‘नीतिसूत्रें’ या ग्रंथाच्या २६ व्या अध्यायांत, आपणही तसेच होऊं म्हणून मूर्खास उत्तर देऊं नये, असें एक सूत्र सांगतें; लागलेंच दुसरें, तो स्वतःस शहाणा समजेल म्हणून उत्तर द्यावें, असें बजावतें. या विरोधामुळें हा ग्रंथच दडवून ठेवण्याचा विचार यहुदी पंडितांनीं केला होता, असें तालमुदांत नमूद आहे. आमच्या मतें ग्रंथाचें मर्म येथेंच आहे. सूत्र म्हणजे कायदा नव्हे. प्रसंग ओळखण्याचा भार तें वाचकावरच टाकतें. चिडलेल्या मुलाशीं हुज्जत घालतांना आम्ही पहिलें विसरलों. सभेंत बढाईखोराच्या असत्यापुढें मौन धरलें, तेव्हां दुसरें. दोन्ही वेळीं वचनें पाठ होतीं. विवेक मात्र जागा नव्हता.