मलंगगडाची चढण आणि आपली यात्रावर्णने

आपल्या समाजाच्या नियतकालिकांत यात्रावर्णनांचा तोटा कधीच नव्हता. वेलांकणी, जुने गोवे, लूर्द, फातिमा, पवित्र भूमी. परतलेला यात्रेकरू लेखणी हाती घेतो आणि संपादकही त्यास आनंदाने जागा देतात. ही वर्णने आम्ही वर्षानुवर्षे आस्थेने वाचत आलो आहोत, आणि त्यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे. पवित्र स्थळ डोंगरावर असले की लेखकाची चढण एका वाक्यात आटोपते. वाट बिकट होती, दम लागला, परंतु वर पोहोचताच सारा शीण नाहीसा झाला! हे वाक्य इतक्या वेळा वाचनात आले आहे की ते लेखकाने लिहिले की लेखणीने आपले आपणच, असा प्रश्न पडावा. पुढे वेदीचे वर्णन येते, मेणबत्त्या येतात, आणि लगेच परतीची गाडी.

ही केवळ शैलीची उणीव असती तर तिच्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. चढण गाळून माथ्यावर उडी घेणारे लेखन माथ्याचे काय करते, हे पाहावयास ठाणेकरांना दूर जावे लागत नाही. आपल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपासून पायी थोड्याच अंतरावर टेंभी नाका आहे, आणि त्या नाक्यावर कल्याणच्या दक्षिणेकडील एका डोंगराचे नाव गेली चार दशके घुमत आले आहे. तो डोंगर म्हणजे मलंगगड. कै. आनंद दिघे यांनी १९८० च्या दशकात ठाण्यातूनच मलंगगडाचे आंदोलन उभारले. कुणाच्या मते वर हाजी अब्दुल रहमान या अरब साधूचा दर्गा आहे, कुणाच्या मते मच्छिंद्रनाथांची समाधी. माघी पौर्णिमेस दोन्ही बाजूंचे भाविक गड चढतात. वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्यात निवाडा देण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि तशी हौसही नाही.

आमचा प्रश्न वाङ्मयाचा आहे. या डोंगरावर पत्रके, पुस्तिका आणि वृत्तपत्री लेख यांतून जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक सर्व माथ्याविषयी आहे: तो कुणाचा, प्रथम कुणाचा, कागद कुणाकडे. त्यात पायऱ्या नाहीत, घाम नाही, कठड्याला टेकून उभी राहिलेली म्हातारी नाही. वस्तुतः बहुसंख्य यात्रेकरू एकाच पायऱ्यांनी वर जातात आणि एकाच वळणावर त्यांची छाती भरून येते. वाट सामाईक आहे. लेखन मात्र वाटेवर थांबतच नाही.

आणखी एक गंमत अशी, की भाविकांचा माथा हा डोंगराचा माथा नव्हेच. गडाला तीन टप्पे आहेत. पहिल्या सपाटीला पीर माची म्हणतात आणि श्रद्धेचे स्थान तेथेच आहे. त्यावर सोन माची आणि सर्वांत वर बालेकिल्ला, जिथे जाण्यास खडकात खोदलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. १७८० साली इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टनने पीर माची घेतली, परंतु वरचा गड मराठ्यांच्या शिबंदीने त्याच्या हाती लागू दिला नाही. भाविकाची वाट जेथे पूर्ण होते तेथे शिपायाची अर्धीच झालेली असते. इतकी साधी गोष्टही माथ्याच्या वादात कुणाच्या लेखणीस सुचू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

या डोंगराविषयी आमच्या वाचनात आलेला सर्वांत मोलाचा मजकूर, खेदाने सांगावे लागते, एका सरकारी ग्रंथात आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील १४ वा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मलंगगडाचे ‘कॅथीड्रल रॉक’ असे इंग्रजी नावही नोंदलेले आहे. हे वाचून आपल्या वाचकांचे कान टवकारतील. परंतु त्यात हुरळून जाण्यासारखे काही नाही. ते नाव दुरून दिलेले आहे. आकाशात घुसलेले सुळके पाहून ज्याला आपल्या मायदेशातील महामंदिराची आठवण झाली, त्याला ते नाव देण्यासाठी एकही पायरी चढावी लागली नव्हती.

तथापि त्याच ग्रंथात पुढे जी हकिकत येते ती अस्सल आहे. १७८२ साली इंग्रजांशी तह झाल्यावर पेशव्यांनी कल्याणच्या काशिनाथपंत केतकर या ब्राह्मणाच्या हाती दर्ग्यासाठी जरतारी, मोत्यांची झालर लावलेली चादर पाठविली. काशिनाथपंतांनी मोडकळीस आलेल्या कबरीच्या दुरुस्तीस हात घातला. तेव्हा लागणारे दगड गवंड्यांच्या मदतीवाचून, चमत्काराने, खाणीतून निघून तयार झाले अशी आख्यायिका गॅझेटियरकार नोंदवितात. पुढे १८१७ साली कल्याणच्या मुसलमानांनी ब्राह्मणाच्या व्यवस्थेस हरकत घेतली. साधूची इच्छा काय आहे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे असे कलेक्टरने सुचविले. चिठ्ठ्या तीनदा टाकल्या आणि तिन्ही वेळा कौल काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीस मिळाला.

वादाचे लेखक या हकिकतीतून आपापल्या सोयीचा तुकडा उचलतात. कुणी चादर उचलतो, कुणी चिठ्ठी. आम्हांस मात्र मधला दगड महत्त्वाचा वाटतो. या चढणीवरून ज्याने एखादे लहानसे ओझे तरी वर नेले असेल, त्याला ही आख्यायिका का जन्मली असावी हे समजावून सांगावे लागणार नाही. चमत्काराच्या कथेत ओझ्याची आठवण दडलेली असते. इंग्रज अंमलदाराने ती हसून सोडून दिली नाही, लिहून ठेवली, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे.

डोंगराची वाट लेखणीने कशी धरावी याचा वस्तुपाठ आपल्याच पवित्र ग्रंथात आहे. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात अब्राहाम मोरिया प्रदेशातील डोंगराकडे निघतो. माथ्यावर जे घडते ते आपण सर्व जाणतो. ते कसे सांगितले आहे इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तिसऱ्या दिवशी ठिकाण दुरून दिसते. चाकर आणि गाढव मागे राहतात. लाकडे मुलाच्या अंगावर, विस्तव आणि सुरा बापाच्या हाती. वाटेत मुलाचा एकच प्रश्न, बापाचे एकच उत्तर, आणि दोघे बरोबर चालले होते हे लेखक दोनदा सांगतो. थकव्याचा, दुःखाचा एक शब्द नाही, तरी वाचकाचे पाय जड होतात. एरिख आउअरबाख या जर्मन समीक्षकाने ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात होमरच्या कथनशैलीसमोर हा उतारा ठेवला, तो उगाच नव्हे.

मराठीत हे सामर्थ्य इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील हा लेख पंढरीच्या वाटेचा आहे, शिखराचा नव्हे. पण शिकण्याजोगा आहे. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे अभंग एकत्र म्हणतात व जेवतात मात्र वेगळे, हे बाईंनी पाहिले ते त्या बरोबर चालल्या म्हणून. विठोबाच्या पायाशी उभे राहून ते दिसले नसते. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ (१९७६) या इंग्रजी कवितासंग्रहाविषयी आपल्या वाचकांस कदाचित संकोच वाटेल, कारण कवी तेथे भक्त म्हणून गेलेला नाही. तो एस.टी.ने येतो आणि अखेरीस रेल्वे स्थानकावर ताटकळतो. चढणीचा दम त्याच्या कवितेत फारसा लागत नाही, ही उणीव आम्ही मानतो. परंतु नाण्यासाठी बाही धरणारी त्याची म्हातारी पाहावी. तिच्याकडे नजर वळताच डोंगराला, देवळांना, आकाशालाही तडे जाताना दिसतात, आणि यात्रेकरूच तिच्या हातातील चिल्लर होऊन जातो. एका अश्रद्ध कवीने त्या टेकडीवर जेवढे पाहिले तेवढे आपल्या कित्येक श्रद्धावंत लेखकांनी आपापल्या तीर्थस्थानी पाहिलेले नाही, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

तसे पाहता सामान्य भाविकाला हे सारे शिकवावेच लागत नाही. कालवारीच्या वाटेविषयी चारही शुभवर्तमाने फार थोडे सांगतात: कुरेनेकर शिमोनास धरून आणले, स्त्रिया रडत मागून आल्या, एवढेच. क्रूसाच्या वाटेवरील तीन वेळा पडणे, मातेची भेट, वेरोनिकेचा रुमाल, यांतील काहीही तेथे लिहिलेले नाही. ते भाविकांनी भरले. चढ चढताना माणूस पडतो हे त्यांना स्वतःच्या गुडघ्यांवरून ठाऊक होते. पोप क्लेमेंट १२ वे यांनी १७३१ साली चौदा स्थानांची संख्या निश्चित केली, तोपर्यंत लोकांनी ती वाट पायांनी लिहून काढली होती. १९९१ च्या गुड फ्रायडेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये केवळ शुभवर्तमानांवर आधारलेली क्रूसाची वाट केली; तीत पडण्याची स्थाने नव्हती. त्या शास्त्रशुद्धतेचा आम्ही आदर करतो. आमच्या धर्मग्रामातील म्हाताऱ्या मात्र तिसरे, सातवे आणि नववे स्थान सोडावयास तयार नाहीत, आणि वाङ्मयीन दृष्ट्या आमचे मत त्यांच्याच बाजूने आहे.

डोंगरांच्या वाटा आता बदलत आहेत. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली धावू लागली. मलंगगडासाठीही तशीच सोय हाती घेतली गेली. आजारी आणि वृद्ध माणसाला वर नेणाऱ्या साधनास नावे ठेवण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु त्यांना पूर्वी वर नेत असत ते डोलीवाले. ज्या वाटेवर दोन्ही पक्षांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांनी खांद्यावरून नेले, त्या वाटेच्या लेखनात त्यांना एक ओळही मिळालेली दिसत नाही. पौर्णिमेच्या गर्दीत भाडे कसे ठरते, खांदा कुठल्या वळणावर बदलावयाचा, पावसाळ्यात कुठली पायरी निसरडी असते, वर नेताना म्हातारे काय बोलतात आणि खाली आणताना काय; हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापाशी आपल्या तरुण लेखकांपैकी कुणी वही घेऊन बसेल, तर त्याच्या लेखासाठी संपादकांकडे जागा मागण्याचे काम आम्ही करू.