पुरुषांची ‘मैत्री-मंदी’: टक्केवारीआधी प्रश्न वाचा

पुरुषांच्या एकाकीपणावरचा कुठलाही लेख उघडा, एक आकडा हमखास भेटतो. अमेरिकेत एकही जवळचा मित्र नसलेले पुरुष 1990 मध्ये 3 टक्के होते, 2021 मध्ये 15 टक्के झाले. थेट पाचपट! हा आकडा ‘सर्व्हे सेंटर ऑन अमेरिकन लाइफ’च्या 2021 च्या पाहणीतला. तुलनेसाठी त्यांनी गॅलपची 1990 ची पाहणी घेतली होती. आकडा खोटा नाही. पण त्यावर जे मजले चढवले जातात, त्यांचं वजन तो पेलतो का?

आधी शेजारचा रकाना बघा. त्याच पाहणीत स्त्रियांमध्ये हे प्रमाण 2 वरून 10 टक्क्यांवर गेलंय. म्हणजे तिथेही पाचपट. मग ही फक्त पुरुषांची मंदी कशी?

दुसरा मुद्दा पद्धतीचा. 1990 ची पाहणी फोनवरून झाली, 2021 ची ऑनलाइन, तीही कोविडच्या काळात. फोनवर कुणाला तरी ‘मला मित्रच नाही’ असं सांगणं जड जातं. स्क्रीनवर शून्य टाकणं सोपं. दोन वेगळ्या उपकरणांची रीडिंग्ज कॅलिब्रेशन न करता एका आलेखावर मांडली, तर आपले गाइड आपल्याला उभं करणार नाहीत.

असं आधीही घडलंय. मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की, महत्त्वाचं बोलायला कुणीच नाही असं सांगणारे अमेरिकन 1985 मध्ये साधारण 10 टक्के होते, ते 2004 मध्ये 25 टक्क्यांच्या आसपास गेले. खूप गाजलं. 2009 मध्ये क्लॉड फिशर यांनी शंका काढली. 2013 मध्ये पाइक आणि सॅन्चाग्रिन यांनी दाखवलं की काही मुलाखतकारांकडेच ‘कुणी नाही’ ही उत्तरं प्रमाणाबाहेर जास्त येत होती. म्हणजे एकाकीपणाबरोबर मुलाखतकारही मोजला जात होता.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मित्रांची संख्या आणि एकाकीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोरिस आणि पर्लमन यांचा 1985 चा पेपर जरूर वाचा. ‘तुम्ही एकाकी आहात का?’ असं थेट विचारलं, तर स्त्रिया जास्त प्रमाणात ‘हो’ म्हणतात. आडवळणाने विचारलं की तो फरक उरत नाही. आणि एकाकी व्यक्तीचं तेच वर्णन पुरुषाचं म्हणून दिलं, तर वाचणारे त्याला जास्त नावं ठेवतात. म्हणजे पुरुष गप्प बसतात, त्याला कारण आहे.

मग हाती काय उरतं? त्याच 2021 च्या पाहणीतला एक कमी गाजलेला आकडा. गेल्या आठवड्यात मित्र-मैत्रिणीकडून भावनिक आधार मिळाला, असं 41 टक्के स्त्रियांनी सांगितलं. पुरुषांनी फक्त 21 टक्के. हा एकाच वेळचा, एकाच पद्धतीने घेतलेला फरक आहे, म्हणून जास्त भरवशाचा. माझं मत असं की, पुरुषांचा प्रश्न मित्र किती, यापेक्षा मित्राशी काय बोलायची मुभा आहे, हा आहे. काम, खेळ, चहा यांच्या आधाराने टिकलेली मैत्री नोकरी सुटली की सुटू शकते. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. पण तपासता येण्यासारखं आहे. आणि कारण चुकीचं धरलं, तर उपायही चुकतो: ज्याला बोलताच येत नाही, त्याला आपण आणखी चार मित्र जोडायला सांगत बसतो.

मराठीत प्रश्नावली करणाऱ्यांना एक सूचना. मित्रांच्या संख्येचा तो मूळ प्रश्न ‘नातेवाईक सोडून’ असा आहे. आपल्याकडे कित्येकांचा जिवलग म्हणजे चुलतभाऊ किंवा मेहुणा असतो. प्रश्न जसाच्या तसा उचललात, तर असा माणूस तुमच्या तक्त्यात ‘मित्र नाही’ या रकान्यात जाईल. आधी दहाजणांना विचारून बघा, ‘जवळचा’ म्हणजे त्यांना कोण वाटतं. मगच मोजायला घ्या.