बखरीबाहेरचा शिपाई

मराठी बखरीत फौजा आहेत, शिपाई नाही. सरदाराचे नाव, हत्तीघोड्यांची मोजदाद ह्यांना तिथे जागा मिळते. पायदळातला माणूस मात्र हजारांच्या आकड्यात विरून जातो.

वर्धेच्या वाचकाला हे अधिक बोचावे. १८६२ साली वेगळा जिल्हा झालेला हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर अप्पासाहेबांच्या फौजेचा मोड झाला, हे इतिहास सांगतो. त्या फौजेतला शिपाई गावी परतला तेव्हा गाठीला काय होते, हे कोण सांगणार?

कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून कामी आलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. तिथे नाव आहे, आयुष्य नाही. उलट, गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये १८५८ ची झाशी जिवंत होते. पण ते आयुष्य भिक्षुकाचे. शिपाई दिसतो तो भयाच्या अंतरावरून. हा गोडशांचा दोष नव्हे. जे पाहिले, सोसले तेच त्यांनी लिहिले, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे.

दोष आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा आहे. ही रिकामी जागा तिने पराक्रमाने भरली. शिपायाच्या हाती तलवार दिली. त्याची शिदोरी, त्याचे कर्ज, घरी वाट पाहणारी माणसे मात्र विसरली. मरताना तो तिथे सुंदर बोलतो. जगताना काय बोलत असेल, हे ऐकण्याचे कष्ट घेईल तोच लेखक त्याला न्याय देईल.