बांधलेल्या हातांची कैफियत

१९९४ सालीं रुआंडांतील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे अधिपति असलेले कॅनडाचे सेनानी रोमेओ दालेर यांचा ‘शेक हँड्स विथ द डेव्हिल’ हा ग्रंथ (२००३) बैठकांच्या व रसदीच्या टिपणांनीं बराच फुगला आहे. परंतु ११ जानेवारीच्या तारेचें प्रकरण वाचतांना पान उलटवत नाहीं. लपविलेल्या शस्त्रांचा सुगावा लागला, तीं जप्त करण्याचा बेत कळविला. न्यूयॉर्कचें उत्तर आलें, अधिकाराबाहेर जाऊं नका! एप्रिलमध्यें संहार सुरू झाला, दहा बेल्जियन शिपाई मारले गेले, आणि सुरक्षा परिषदेनें सुमारें अडीच हजारांची सेना २७० वर आणण्याचें ठरविलें. मेले ते आठ लक्षांच्या घरांत.

पांच हजार शिपाई मिळते तर हें टळतें, असें ग्रंथकाराचें म्हणणें. आमच्या मतें प्रश्न नुसत्या संख्येचा नव्हता. १९५६ सालीं सुएझला शांतिसेना लढणाऱ्या सैन्यांमध्यें उभी राहिली, तेथें तिची तटस्थता शोभली. मारेकरी व त्याचें भक्ष्य यांच्यामध्यें तटस्थ राहणें म्हणजे मारेकऱ्याची सोय. याची मीमांसा करण्यापेक्षां स्वतःस दोष देण्याकडेच सेनानींचा ओढा अधिक. ही सचोटी विरळा खरी. नागरिकांच्या रक्षणाचा स्पष्ट अधिकार शांतिसेनेस प्रथम मिळाला तो १९९९ सालीं, सिएरा लिओनमध्यें. आणि तोही आपल्या कुवतीपुरताच, अशी मेख मारून.