भांडायला हक्काची जागा

एका मोठ्या साहित्य पुरस्कारासाठी पाच परीक्षक बसले आहेत. तिघे गोरे, दोघे कृष्णवर्णीय. समोरच्या कादंबरीत बंदुका आहेत, नशा आहे, शिव्या आहेत, बेपत्ता बाप आहे. दोन्ही कृष्णवर्णीय परीक्षकांना ती खोटी वाटते. तिन्ही गोऱ्यांना ती फार म्हणजे फारच आवडते. कृष्णवर्णीयांचा आवाज आता ऐकलाच पाहिजे असे त्यांचे म्हणणे पडते, आणि शेजारी बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा आवाज न ऐकता ते तीन विरुद्ध दोन मतांनी पुस्तक निवडून मोकळे होतात. 'अमेरिकन फिक्शन' या २०२३ च्या चित्रपटातला हा प्रसंग. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'इरेझर' (२००१) या कादंबरीवर चित्रपट बेतलेला आहे आणि त्याच्या पटकथेला ऑस्करही मिळाले. हशा पिकतो तो इथे. मला मात्र त्याच्या आधीचे एक दृश्य जास्त मोलाचे वाटते. जेवणाच्या सुट्टीत ते दोन कृष्णवर्णीय परीक्षकच खोलीत असतात. मंक हा न खपणारा, प्रयोगशील लेखक; सिंतारा ही गरीब वस्तीच्या बोलीत लिहून गाजलेली लेखिका. तो तिच्या पुस्तकावर आक्षेप घेतो, ती आपली बाजू मांडते, वाद रंगायला लागतो आणि अर्धवटच राहतो.

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याची आजची अडचण त्या अर्धवट राहिलेल्या वादात आहे. पुस्तकांना तोटा नाही. पुरस्कारही आहेत. पण कृष्णवर्णीय वाचकांनी आणि लेखकांनी तिसऱ्या कुणाची पर्वा न करता एकमेकांशी कडाडून वाद घालावा, अशा जागा मात्र दर पिढीत उभ्या राहतात आणि दर पिढीत बंद पडतात. समीक्षा ही कला अशा जागेवरच वाढते.

सुरुवात तरी झकास झाली होती. १८३१ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'फीमेल लिटररी असोसिएशन' काढली. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, तो हा काळ. सभासद बायका आपले लेखन नाव न घालता एका पेटीत टाकत. बैठकीत एकेक कागद बाहेर काढून मोठ्याने वाचला जाई आणि जमलेल्या सगळ्याजणी त्यावर टीका करत. लिहिणारी तिथेच बसून ऐकत असे. नाव नसल्यामुळे भीड नव्हती आणि ऐकणाऱ्या सगळ्या आपल्याच, त्यामुळे एखादे वाक्य फसले तर त्याचा ठपका अख्ख्या वंशावर येण्याची धास्ती नव्हती. ही धास्ती पुढच्या दोनशे वर्षांत कृष्णवर्णीय समीक्षेच्या मानगुटीवरून उतरलेली नाही. गोरा वाचक ऐकतो आहे असे वाटले की समीक्षक वकील होतो. तो पुस्तकातले दोष झाकतो, नाहीतर उलट आपली तटस्थता सिद्ध करायला नको तितका झोडपतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात जी साहित्य-चळवळ बहरली तिचे गोडवे आपण सगळेच गातो. 'क्रायसिस' आणि 'ऑपर्च्युनिटी' ही कृष्णवर्णीयांच्या चळवळीची दोन दमदार मासिके तेव्हा चालू होती. 'क्रायसिस'चे संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९२६ मध्ये कला म्हणजे प्रचारच असतो, असे ठणकावून मांडले. पण त्याच वर्षीचा सर्वांत गाजलेला वाद, म्हणजे 'निग्रो कला' असे काही वेगळे असते हे थोतांड आहे म्हणणारे जॉर्ज शायलर आणि त्यांना सडेतोड उत्तर देणारे लँग्स्टन ह्यूज, हा वाद छापला 'द नेशन'ने, म्हणजे गोऱ्या उदारमतवाद्यांच्या साप्ताहिकाने. घरचे भांडण शेजाऱ्याच्या ओसरीवर झाले. ह्यूज यांच्या लेखाचे सारच असे की गोऱ्यांना आवडो न आवडो, आम्ही आमचे लिहू. तो लेखही आधी त्याच ओसरीवर वाचला गेला.

याची किंमत लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी मोजली. १९३७ मध्ये त्यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. फ्लोरिडातल्या खेड्यातली बोली, ओट्यावरच्या गप्पा, एका बाईचे तीन संसार. कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी 'न्यू मासेस' या डाव्या साप्ताहिकात तिच्यावर तुटून पडताना लिहिले की हे सारे गोऱ्या वाचकांच्या करमणुकीसाठी आहे, यात विचारच नाही. पुढच्या वर्षी राइट यांचा कथासंग्रह आला आणि हर्स्टन यांनी 'सॅटरडे रिव्ह्यू'त त्याचे सव्याज माप पदरात घातले: यात नुसता द्वेष आणि मारामारी आहे, माणसांच्या जगण्यातली सहानुभूती कुठे आहे? वाद अस्सल होता. बोली ही कलेची सामग्री की अपमानाची खूण? गोऱ्यांनी विदूषकी नाटकांतून बदनाम केलेला आपला हसरा चेहरा लेखकाने पुन्हा रंगवावा का? हे प्रश्न आजही संपलेले नाहीत. पण ही दोन्ही नियतकालिके त्यांची नव्हती. आणि 'ऑपर्च्युनिटी'त, म्हणजे घरच्याच मासिकात, समीक्षक अ‍ॅलन लॉक यांनी चार ओळींत कादंबरीची बोळवण केली तेव्हा हर्स्टन यांनी लिहिलेले जळजळीत उत्तर छापले गेलेच नाही. १९६० मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो १९७३ मध्ये थडगे शोधून लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी बसवला.

मधल्या काळात जे सर्वांत चांगले जमले ते शिकागोत. जॉन जॉन्सन हे 'एबनी' आणि 'जेट' या नियतकालिकांचे धनाढ्य मालक. त्यांनी १९६१ मध्ये आपले बंद पडलेले 'निग्रो डायजेस्ट' पुन्हा सुरू करून हॉइट फुलर यांच्या हाती दिले. १९७० मध्ये त्याचे नाव 'ब्लॅक वर्ल्ड' झाले. खिशात मावेल अशा आकाराच्या या मासिकात मागच्या बाजूला 'पर्स्पेक्टिव्हज' नावाचे सदर असे. कुठल्या शहरात कवींचा गट जमतो आहे, कुठे नवे नाट्यगृह निघाले, कोणाचा संग्रह डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसने काढला, कोण कोणावर का चिडले आहे, सगळे त्यात. देशाच्या दुसऱ्या टोकाला एकटे लिहिणाऱ्याला हे सदर वाचून कळे की आपण एकटे नाही आणि आपल्याशी सहमत नसलेलेही पुष्कळ आहेत. १९६८ च्या जानेवारीच्या अंकासाठी फुलर यांनी लेखकांना प्रश्नावली पाठवून विचारले की तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे, कृष्णवर्णीय सौंदर्यदृष्टी असे काही असते का. उत्तरे परस्परविरोधी आली आणि त्यांनी ती तशीच छापली. संपादक म्हणून ही गोष्ट मला थोर वाटते. त्यांचे स्वतःचे मत ठाम राष्ट्रवादी होते. तरी पाने एकांगी होऊ दिली नाहीत. निदान नेहमी नाही.

१९७६ मध्ये मालकाने मासिक बंद केले. खप उतरला होता. वाचकांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. फुलर यांनी अटलांटात 'फर्स्ट वर्ल्ड' काढले, ते थोडेच अंक चालले, आणि १९८१ मध्ये फुलर गेले. एका उद्योगपतीची मर्जी आणि एका संपादकाचा जीव एवढ्यावर अख्ख्या साहित्याची चर्चा टांगलेली असावी, हे बरे लक्षण नव्हे. पुस्तकांच्या दुकानांचेही तेच. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर लुईस मिशॉ यांचे दुकान होते. दारात माल्कम एक्स यांची भाषणे होत आणि पैसे नसणाऱ्याला आत बसून वाचायला मुभा असे. १९६८ मध्ये एफबीआयने आपल्या कार्यालयांना अशा दुकानांवर पाळत ठेवायचे आदेश दिले होते. सरकारला त्यांची ताकद चांगली कळली होती.

त्यानंतरची चर्चा स्त्रियांनी पेलली. १९७७ मध्ये ब्रुकलिनला जून जॉर्डन यांच्या घरी 'द सिस्टरहुड' जमू लागली. वॉकर, टोनी मॉरिसन, न्टोझाके शांगे अशा बायका महिन्यातून एकदा भेटत, जेवत आणि कोणाचे पुस्तक कुठे अडले आहे, कोणत्या प्रकाशकाला कसे हलवायचे याची खलबते करत. त्याच वर्षी बार्बरा स्मिथ यांनी कृष्णवर्णीय स्त्रीवादी समीक्षेची मांडणी केली आणि मॉरिसन यांच्या 'सुला'मधली दोन मैत्रिणींची गोष्ट समलिंगी प्रेमाची म्हणून वाचली. मॉरिसन यांनी ते साफ नाकारले. स्मिथ आपल्या वाचनावर ठाम राहिल्या. वाद असा असावा: लेखिका जिवंत, नामवंत, आपल्याच बाजूची, आणि तरी समीक्षक तिच्या शब्दाला बांधलेली नाही.

१९८० नंतर समीक्षा विद्यापीठात गेली आणि तिथेच राहिली. नोकऱ्या मिळाल्या, विभाग निघाले, हे वाईट नाही. पण १९८७ मध्ये 'न्यू लिटररी हिस्टरी' या नियतकालिकात समीक्षक जॉइस ए. जॉइस यांनी हेन्री लुईस गेट्स आणि ह्यूस्टन बेकर यांना विचारले की फ्रेंच सिद्धांतांची ही परिभाषा वाचणारा आपला माणूस कोण, तेव्हा दोघांनी त्यांना असे काही फैलावर घेतले की प्रश्न बाजूला राहिला. गेट्स यांचे 'द सिग्निफाइंग मंकी' मी भक्तिभावाने वाचले आहे; गल्लीतल्या टोमण्यांच्या परंपरेतून साहित्यशास्त्र उभे करण्याची त्यांची झेप मोठी आहे. तरी त्या वादात जॉइस बरोबर होत्या असेच मला वाटते. बार्बरा ख्रिश्चन यांनी त्याच वर्षी तोच मुद्दा जास्त हुशारीने मांडला: आमचे लोक सिद्धांत मांडतच आले आहेत, पण गोष्टींतून, कोड्यांतून, म्हणींतून.

विद्यापीठ वर गेले तसे सामान्य वाचक आपल्या वाटेने निघाले. टेरी मॅकमिलन यांनी १९८७ मध्ये पहिल्या कादंबरीसाठी दुकानांना आणि महाविद्यालयांना स्वतः हजारो पत्रे पाठवली. १९९२ मध्ये त्यांची 'वेटिंग टू एक्झेल' तुफान खपली आणि कृष्णवर्णीय बायका पुस्तके विकत घेतात हा शोध प्रकाशकांना लागला. 'गो ऑन गर्ल!'सारखी वाचनमंडळे देशभर पसरली. मग रस्त्यावरच्या टेबलांवरून खपणाऱ्या गुन्हेगारी कादंबऱ्या आल्या. २००६ मध्ये पत्रकार निक चाइल्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तक्रार केली की दुकानात आपली पुस्तके या बीभत्स मुखपृष्ठांशेजारी ठेवलेली पाहून लाज वाटते. वादाचा विषय उत्तम होता. जागा पुन्हा दुसऱ्याची. आणि त्या कादंबऱ्या वाचणाऱ्या तरुण मुलींचे म्हणणे त्या पानावर नव्हते.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नावच अमेरिकेतून उचलले. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्य मराठीत समजावून दिले. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, आणि नुसते अंक काढून न थांबता लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. फुलर आणि पानतावणे एकाच काळात, एकाच जिद्दीने काम करत होते. मात्र अमेरिकेतून आपण कविता, आवेश, नाव घेतले; हर्स्टन-राइट किंवा स्मिथ-मॉरिसन यांच्यासारखी भांडणे फारशी घेतली नाहीत. कृष्णवर्णीय साहित्य आपल्याकडे एकमुखी विद्रोह म्हणूनच पोचले. ते तसे कधीच नव्हते.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर कृष्णवर्णीयांच्या दुकानांवर मागण्यांचा पूर आला. वर्णद्वेष समजून घेण्यासाठी काय वाचावे याच्या याद्या सगळीकडे फिरल्या. बहुतेक गोऱ्या वाचकांसाठी. प्रकाशन संस्थांनी घाईघाईने नेमणुका केल्या. पँथिऑनने त्या वर्षी लिसा लुकास यांना प्रकाशक म्हणून नेमले आणि २०२४ च्या मे महिन्यात काढून टाकले. या सगळ्यात एक नवी सवय लागली. कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक आले की त्याला 'पाठिंबा' द्यायचा. पाठिंबा दिलेल्या पुस्तकाची चिकित्सा कोण करणार?

एव्हरेट यांची 'जेम्स' (२०२४) घ्या. मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिनची गोष्ट त्यात गुलाम जिमच्या तोंडून येते. नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, पुढच्या वर्षी पुलित्झरही. पुस्तक मला आवडले. त्यातले गुलाम आपसात शुद्ध, सुशिक्षित इंग्रजी बोलतात आणि गोरा समोर आला की मुद्दाम मोडकी बोली वापरतात. जिम पोरांची शिकवणी घेतो की एखाद्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात आग लागलेली दिसली तर ते तिला कसे सांगायचे, म्हणजे शहाणपण आपले न दिसता तिचे दिसेल. प्रसंग धारदार आहे. पण इथे बोली म्हणजे केवळ मुखवटा ठरते. त्याखाली जी खरी भाषा आहे ती मालकाच्या पुस्तकांतली. मग हर्स्टन यांच्या ओट्यावरची माणसे कुठे गेली, जी गोरे आसपास नसतानाही तशीच बोलत, कारण ती त्यांची भाषा होती आणि तीत ती विचार करत? या कादंबरीवर मी जे वाचले त्यात कौतुकच जास्त होते. फुलर यांच्या मासिकात यावर सहा महिने पत्रे येत राहिली असती, आणि त्यातली निम्मी एव्हरेट यांना बोचणारी असती.